पायांच्या भेगा आणि पेट्रोलियम जेली

कापसाची शेवटची वेचणी चालू असते त्या जानेवारी महिन्यात अमळनेर तालुक्यातील आमच्या औषधांच्या दुकानातून पेट्रोलियम जेलीच्या लहान डब्या खोक्याने संपतात. घेणाऱ्या बहुतेक बायका शेतातून परस्पर आलेल्या असतात. उकललेल्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी कडक होतात आणि कापूस ओढताना ती नखांच्या कडेला लागतात. दिवसभर वेचणाऱ्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला त्यामुळे बारीक चिरा पडतात, त्यांत काळ्या मातीची रेघ भरते आणि रात्री कळण्याच्या भाकरीचे पीठ मळताना त्या चिरांना मीठ झोंबते. अशाच हातात डबी धरून एका मावशींनी मला विचारले होते, "भाऊ, हाई ते घासलेटमाईनच निंघस ना? मंग आंगले कसं काय लावानं?" घासलेट ज्या खनिज तेलापासून निघते त्यातूनच ही वस्तू येत असेल तर ती अंगाला कशी लावायची, असा त्यांचा प्रश्न होता. घाईत मी "काही होत नाही, लावा" इतकेच उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि प्रश्न मात्र अतिशय योग्य होता. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर येथे मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी त्वचेला नेमके काय होते ते पाहू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि अंगाच्या बहुतेक भागांवर तो कागदाहूनही पातळ असतो. या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांचा गारा भरलेला असतो. शरीरातील पाणी या भिंतीतून सतत थोडे थोडे बाहेर झिरपून हवेत उडून जाते. हा घाम नव्हे, तो थंडीत आणि झोपेतही चालूच असतो. गारा शाबूत असेल तर हे उडणे मर्यादेत राहते. साबण, राख, भांडी घासण्याची पावडर, खत आणि फवारणीची औषधे, चुलीची धग, कढत पाणी यांनी तो गारा धुपतो. त्यातच सातपुड्यावरून उतरणारी कोरडी थंडी सुरू झाली, की तापीकाठच्या गावांत पहाटेच्या हवेत ओलावाच उरत नाही आणि अशी हवा त्वचेतील पाणी अधिक वेगाने ओढून घेते. पाणी कमी झाले, की वरचा थर ताठ होतो. ताठ झालेली वस्तू वाकवली, की ती तडकते. टाचेची त्वचा मुळातच जाड असते, तिच्यावर सगळ्या देहाचा भार पडतो आणि अनवाणी चालताना तिच्या कडा बाहेर पसरतात, म्हणून भेगा तेथे सर्वांत खोल जातात.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाने धाब्याची माती तडकते आणि पावसाळ्यापूर्वी तिच्यावर नवी माती टाकून चिरा बुजवाव्या लागतात. फरक एवढाच, की धाब्यावर पाणी आत येऊ नये म्हणून धडपड असते आणि त्वचेवर पाणी बाहेर जाऊ नये म्हणून.

आता डबीतील वस्तूकडे वळू. कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेल्या पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात. यांतील कार्बनचे अणू एकमेकांचा हात धरून साखळी करतात आणि त्या साखळीची लांबी बदलली, की पदार्थाचा स्वभाव बदलतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये तीन-चार कार्बनच्या साखळ्या असतात, म्हणून तो वायू असतो. पेट्रोलमध्ये सुमारे बारापर्यंत कार्बन असतात. ते पातळ असते आणि चटकन उडून जाते. घासलेटमधील साखळ्या साधारण दहा ते सोळा कार्बनच्या असतात. त्याहून लांब साखळ्यांचे, रंग व वास काढून शुद्ध केलेले तेल म्हणजे लिक्विड पॅराफिन. मिनरल ऑइल हे त्याचेच दुसरे नाव आणि बाजारातील अनेक बेबी ऑइलचा मुख्य घटकही तोच. आणखी लांब, बहुतांशी पंचवीसहून अधिक कार्बनच्या साखळ्यांचे तेल व मेण एकमेकांत गुंतून जे मऊ लोण्यासारखे मिश्रण होते, ते पेट्रोलियम जेली. औषधशास्त्रात तिला व्हाइट सॉफ्ट पॅराफिन म्हणतात. कुळ एकच असले तरी घासलेट त्वचेतील स्निग्धता विरघळवून तिला जाळते आणि जेली तीच स्निग्धता राखते. साखळीची लांबी आणि शुद्धता या दोन गोष्टींनी हा फरक पडतो. मावशींच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो.

हायड्रोकार्बन म्हणजे शरीराला सर्वस्वी परकी वस्तू, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. आपल्या चेहऱ्यावर आणि डोक्याच्या त्वचेवर जो नैसर्गिक तेलकटपणा येतो त्यातील दहा टक्क्यांहून अधिक भाग स्क्वालीन नावाच्या पदार्थाचा असतो आणि स्क्वालीन हे तीस कार्बनचे हायड्रोकार्बनच आहे. त्याला हायड्रोजन जोडून स्क्वालेन तयार होते. महागड्या सीरममध्ये ते मिरवते. पूर्वी ते शार्क माशाच्या यकृतातील तेलापासून मिळवत असत, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळवतात. ते चांगलेच आहे. पण टाचेच्या भेगेसाठी त्यावर शेकडो रुपये घालवावेत असे मला वाटत नाही.

जेलीचा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. १८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली, तेव्हा रॉबर्ट चेसब्रो नावाचा बावीस वर्षांचा रसायनतज्ज्ञ तेथे गेला. पंपांच्या दांड्यांना चिकटणारे काळपट मेण तेथील कामगारांना नकोसे होते, कारण त्याने पंप अडकत. मात्र हाताला कापले किंवा भाजले, की ते हेच मेण जखमेवर चोळत. चेसब्रोने ते घरी नेले, पुष्कळ वर्षे गाळून गाळून स्वच्छ केले आणि १८७२ मध्ये व्हॅसलिन या नावाने त्याचे पेटंट घेतले. म्हणजे या वस्तूचा पहिला उपयोग कष्टकऱ्यांच्या फाटलेल्या हातांवर झाला, आणि आमच्या दुकानात ती आजही त्याच कामासाठी विकली जाते.

ती काम कशी करते? जेली त्वचेवर पाणी न ओलांडू देणारा पापुद्रा धरते, त्यामुळे आतील पाणी उडून जाण्याऐवजी वरच्या थरात साठू लागते. हे काम करणाऱ्या द्रव्यांत तिचा क्रमांक फार वरचा आहे. पूर्वी असे मानत, की ती प्लास्टिकच्या कागदासारखी केवळ वर पडून राहते आणि तिच्याखाली त्वचेची स्वतःची दुरुस्ती थांबते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने ही समजूत खोडून काढली. जेली वरच्या मृत थरातील विटांच्या मधल्या जागांत शिरते, धुपलेल्या गाऱ्याची जागा तात्पुरती भरून काढते आणि तिच्याखाली त्वचेची नैसर्गिक डागडुजी चालू राहते, असे त्यात दिसून आले. मात्र ती त्या मृत थरातच थांबते. शुद्ध जेली निरोगी त्वचेतून रक्तात उतरते असे आढळलेले नाही.

एक गोष्ट येथे पक्की लक्षात ठेवावी, कारण दुकानात येणाऱ्या निम्म्या तक्रारी तिच्यापाशी संपतात. जेली पाणी राखते, पाणी देत नाही. कोरड्या ठणठणीत टाचेवर ती चोळली, तर राखायला आत काही नसतेच आणि मग "लावून पाहिली, गुण आला नाही" असे ऐकू येते.

मावशींच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अधिक गंभीर आहे. खनिज तेलापासून कर्करोग होतो असे अनेकांनी कोठेतरी वाचलेले असते आणि ते निराधार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस थांबल्यामुळे खानदेशचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. त्या गिरण्यांत सूत कातणाऱ्या म्यूल नावाच्या यंत्रांच्या चात्यांना अर्धवट शुद्ध केलेले खनिज तेल घालत असत. चाती वेगाने फिरताना त्या तेलाचे तुषार उडत आणि यंत्रावर ओणवून काम करणाऱ्या कामगाराच्या पायजम्यात, जांघेपाशी, ते दिवसेंदिवस मुरत राहत. वीस-तीस वर्षे असे काम केलेल्या अनेकांना वृषणाच्या त्वचेचा कर्करोग झाला. कारण शोधले तेव्हा बोट त्या तेलाकडे वळले, आणि १९५३ मध्ये ब्रिटनने नियम करून या यंत्रांसाठी पूर्ण शुद्ध केलेले पांढरे तेल किंवा तशाच निर्धोक वंगणाची सक्ती केली. त्या कायद्याने खनिज तेलावर सरसकट बंदी घातली नाही, त्याने अशुद्ध खनिज तेल हटवले; आपल्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

अशुद्ध तेलात अपायकारक असते ते काय? काही हायड्रोकार्बनमध्ये कार्बनचे अणू सरळ साखळीऐवजी कड्यांच्या रूपात जोडलेले असतात आणि अशी अनेक कडी एकमेकांना चिकटून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाचे पदार्थ बनतात. काजळीत, डांबरात, बिडीच्या धुरात हेच असतात आणि त्यांतील काही कर्करोगाला कारण ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हणूनच खनिज तेलांची दोन निराळ्या गटांत वर्गवारी केली आहे: शुद्ध न केलेली किंवा जुजबी शुद्ध केलेली तेले पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी, आणि काटेकोर शुद्ध केलेली तेले तिसऱ्या गटात, म्हणजे ज्यांच्यावर तसा ठपका ठेवता येत नाही अशी.

हे शुद्धीकरण कसे होते ते समजण्यासाठी अमळनेरकरांना लांब जावे लागत नाही. १९४५ मध्ये येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी वनस्पती तूप बनवण्यासाठी स्थापन झाली. आजची विप्रो ती हीच. पातळ तेलात दाबाखाली हायड्रोजन सोडला, की तेलाच्या रेणूंतील मोकळ्या जागा भरतात आणि तेल घट्ट होते, हे वनस्पती तुपाचे तंत्र. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातही हायड्रोजन जवळपास हेच काम करतो, फक्त दाब आणि उष्णता कितीतरी अधिक असते. हायड्रोजन त्या घातक कड्यांना भिडतो, त्यांच्यातील मोकळ्या जागा भरतो आणि त्यांचा स्वभाव पालटतो. गंधक आणि नायट्रोजनयुक्त अशुद्धीही त्यात निघून जाते. त्याआधी द्रावकांनी धुणे आणि नंतर विशिष्ट मातीतून गाळणे असे टप्पे असतात. शेवटी औषधकोशात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या कसोट्या ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, सांगितलेली परीक्षा होते. एका द्रावकाने जेलीतील उरलीसुरली कडी ओढून घेतात आणि त्या द्रावणातून अतिनील प्रकाश सोडतात. कडी असतील तर ती हा प्रकाश शोषतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे प्रकाश शोषला गेला तर तो माल औषधी दर्जाचा ठरत नाही.

युरोपीय संघाचा नियम या बाबतीत मला फार नेमका वाटतो. तेथे पेट्रोलियम जेली कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, पण तिच्या शुद्धीकरणाचा संपूर्ण इतिहास माहीत असेल आणि ज्या कच्च्या मालापासून ती बनली तो कर्करोगकारक नाही हे दाखवता येत असेल, तर ती सौंदर्यप्रसाधनांत वापरता येते. "युरोपात बंदी आहे" असे फिरणारे संदेश या वाक्याचा फक्त पहिला भाग उचलतात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०१८ मध्ये हा विषय पुन्हा तपासला आणि काटेकोर शुद्ध केलेल्या खनिज तेलाच्या प्रसाधनांपासून आजच्या माहितीनुसार आरोग्याला धोका अपेक्षित नाही असा निर्वाळा दिला.

ओठांची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण ओठांवर लावलेले हळूहळू पोटात जाते. खनिज तेलाच्या काही साखळ्या अन्नावाटे शरीरात गेल्या तर यकृतात आणि लसिका ग्रंथींत साठतात हे माणसांतही दिसून आलेले आहे, जरी त्या साठ्याने माणसाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. बद्धकोष्ठावरच्या काही पातळ औषधांत लिक्विड पॅराफिन असतेच आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतले जाते. पण ते दीर्घकाळ घेतले तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे अंगी लागण्यात अडथळा येतो. म्हणून ओठांसाठी औषधी दर्जाचीच जेली घ्यावी. रस्त्यावर सुटी विकली जाणारी, बिननावाची, स्वस्त लिपस्टिक मात्र मी माझ्या घरात येऊ देत नाही.

मुरमांविषयीची भीती बरीचशी जुन्या प्रयोगांतून आली. सशाच्या कानावर द्रव्य लावून छिद्रे बुजतात का हे पाहण्याची एक पद्धत होती आणि सशाची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा फार हळवी असल्याने तिने पुष्कळ निरपराध पदार्थांना दोषी ठरवले. पुढे माणसांवर केलेल्या तपासण्यांत प्रसाधनांच्या दर्जाच्या मिनरल ऑइलने मुरमे येतात असे दिसले नाही. तरीही ज्यांचा चेहरा मुळात तेलकट आहे त्यांना जेलीचा चिकटपणा सोसत नाही. त्यांनी ती चेहऱ्याला लावू नये. आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि त्या दिवसांत अंगभर जेली किंवा बेबी ऑइल लावले, तर घामाच्या वाटा अडून घामोळे उठते. तान्ह्या बाळांच्या मानेवर, काखेत, जांघेत ते लवकर दिसते. जेली ही आपल्याकडे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतची वस्तू आहे. उन्हाळ्यात तिला टाच, कोपर आणि फाटलेले ओठ एवढीच जागा द्यावी.

घरातील तेलांशी तिची तुलना नेहमी केली जाते. कोरड्या त्वचेवर खोबरेल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करणारा एक छोटा अभ्यास २००४ मध्ये फिलिपाइन्समध्ये झाला आणि त्यात दोन्ही सारखीच गुणकारी व निर्धोक आढळली. दहा वर्षांनी इसब असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात खोबरेल तेल सरस ठरले. तेव्हा आजीच्या वाटीतील तेलाला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. केसांच्या बाबतीत तर खोबरेलच उजवे आहे, कारण ते केसाच्या आत शिरते आणि मिनरल ऑइल शिरत नाही. बदाम, आवळा किंवा चमेलीचे चित्र असलेल्या कित्येक बाटल्यांवर घटकांच्या यादीत पहिले नाव मिनरल ऑइल किंवा लिक्विड पॅराफिनचे असते, हे वाचून पाहावे. जेलीचे बलस्थान दुसरीकडे आहे. ती हवेने खवट होत नाही, तिच्यात पाणी नसल्याने जंतू सहजी वाढत नाहीत, म्हणून परिरक्षक घालावे लागत नाहीत, आणि तिची ॲलर्जी अत्यंत विरळ आहे. कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे हे ओळखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर जी पट्टी-चाचणी करतात, तिच्यातील बहुतेक संशयित पदार्थ पांढऱ्या जेलीतच कालवलेले असतात, कारण स्वतः जेली त्रास देत नाही हे गृहीत धरता येते. ॲलर्जी झालीच तर बहुधा सुगंधाची असते. म्हणून गुलाबाच्या किंवा कोरफडीच्या वासाची रंगीत जेली मागणाऱ्याला मी साधी पांढरीच देतो.

लहानसहान जखमेवरही तिचा उपयोग आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक मलम आणि काहींना साधी पांढरी जेली दिली. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात दोहोंमध्ये लक्षणीय फरक पडला नाही आणि ॲलर्जीने पुरळ उठले ते फक्त मलम लावलेल्यांत. स्वच्छ धुतलेल्या, वरवरच्या खरचटण्यावर दर वेळी प्रतिजैविक मलम मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता टाचांविषयी, कारण त्यासाठीच बहुतेक जण येतात. रात्री कामे आटोपल्यावर पाय कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावेत. कढत पाणी नको, आणि त्यात सोडा किंवा कपड्याचा साबण तर मुळीच नको. त्वचा फुगून पांढुरकी झाली, की घासणीच्या दगडाने वरची जाड साल हलक्या हाताने उतरवावी. ब्लेडने कधीही नाही. पाय टिपावेत, पण पुरते कोरडे करू नयेत, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांच्या आत जेली भेगांच्या कडांवर दाबून बसवावी. वर सुती मोजे घालून झोपावे. हे एक दिवस करून उपयोग नसतो. आठ-दहा रात्री सलग केल्यावर टाच मऊ लागते. भेगा खूप जाड असतील तर डॉक्टर युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेले मलम देतात, ते साल मऊ करून सोडवते. भेगेतून रक्त येत असेल, पू दिसत असेल, किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे, कारण मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि भेगेचे व्रण कधी झाले हे कळतही नाही. याच कारणासाठी कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, पण पायाची संवेदना गेलेल्या माणसांना रोज पाय भिजवून तेल किंवा जेली लावण्यास शिकवले जाते. ज्यांना दुखत नाही, त्यांच्यासाठी हे रोजचे काम पाय वाचवणारे असते.

जेथे जेली लावू नये अशा जागाही आहेत. नायट्यावर ती लावली तर खालची ओल कोंडून बुरशी जोमाने वाढते. नुकत्याच भाजलेल्या जागी ती उष्णता आत कोंडते. तेथे आधी वीस मिनिटे साधे वाहते पाणीच हवे. रबराच्या निरोधाबरोबर जेली किंवा कोणतेही तेल वापरू नये, कारण ते रबर काही मिनिटांत कमकुवत होते. कमी दिवसांच्या, अगदी अल्प वजनाच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही चोळू नये. गॅरेजमधील किंवा ट्रॅक्टरचे जळके ऑइल भेगांत भरण्याची रीत काही गावांत मी पाहिलेली आहे. गिरणी कामगारांना ज्याने ग्रासले ते घातक द्रव्य याच ऑइलमध्ये असते आणि ते कातडीला लागू न देणेच योग्य.

बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची पद्धत मात्र मला सर्वांत अधिक काळजीत टाकते. तेल, मग ते खोबरेल असो, तूप असो की लिक्विड पॅराफिन, खोकल्याची उबळ न आणता श्वासनलिकेत उतरू शकते आणि फुप्फुसात साठून न्यूमोनिया करते. साध्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही. नाक कोरडे पडले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब दुकानात मिळतात, तेच वापरावेत. बेबी ऑइलची बाटली रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नये. मुलाने ते प्यायलेच तर उलटी करवू नये, कारण उलटी होताना पातळ तेल फुप्फुसात जाते. सरळ दवाखाना गाठावा.

डबी घेताना मी ग्राहकाला चार गोष्टी बघायला सांगतो: उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत, आणि घटकांची यादी. औषधी दर्जाची जेली हवी असेल तर व्हाइट सॉफ्ट पॅराफिन या नावापुढे आय. पी. ही अक्षरे असावीत. भारतीय औषधकोशातील कसोट्यांना माल उतरला आहे असा त्यांचा अर्थ. आठवडी बाजारात वजनावर मिळणारी पिवळसर, घासलेटचा वास येणारी जेली स्वस्त असते, पण यंत्रांच्या गंजरोधक ग्रीसमध्ये आणि तिच्यात फरक करण्याचे कोणतेही साधन आपल्या हाती नसते.

आणि शेवटी आगीविषयी, कारण हा धोका आपल्याकडे जवळजवळ कोणीच सांगत नाही. जेलीची डबी आपण होऊन पेट घेत नाही. पण जेली किंवा तेल कपड्यात मुरले, की तो कपडा समईतील वातीसारखा होतो: ठिणगी पडली तर साध्या कापडापेक्षा फार लवकर पेटतो आणि ज्वाळा वेगाने पसरते. ब्रिटनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या, अंगाला रोज मलम लावणाऱ्या रुग्णांचे असे मृत्यू झाल्यानंतर तेथील औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिला, की हा धोका केवळ पॅराफिनच्या मलमांपुरता नाही, पॅराफिन नसलेल्या स्निग्ध मलमांनाही तो लागू आहे. आणि कपडे धुतल्याने तो कमी होत असला तरी पूर्णपणे जात नाही. आपल्या घरातील चित्र डोळ्यांपुढे आणा. थंडीची पहाट, ओट्यावर कपाशीच्या काड्यांची शेकोटी, तिच्याजवळ गोधडी पांघरून बसलेले आजोबा, हातापायांना नुकतीच लावलेली जेली आणि बोटांत बिडी. ती गोधडी दोन-तीन हिवाळे तेच तेल पीत आलेली असते. घरात इसबाचा, सोरायसिसचा किंवा अंथरुणावरचा रुग्ण असेल आणि त्याला रोज मलम चोळावे लागत असेल, तर त्याचे अंथरूण चूल, शेकोटी आणि देवघरातील दिव्यापासून दूर ठेवावे, त्याच्या अंगावरचे कपडे व चादरी वारंवार गरम पाण्याने धुवाव्यात, मलम लावल्यावर बिडी-काडी त्याच्या हाती देऊ नये, आणि चुलीशी बसणाऱ्या बाईने हाताला जेली लावायची ती रात्री, चूल विझल्यानंतरच लावावी.